कविसंमेलनाची यादी

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. आता ती स्वतःच एका शाळेत मराठी शिकवते. हातात पेढ्यांचा पुडा आणि चेहऱ्यावर काळजी. मला वाटलं, मुलीचं लग्नबिग्न ठरलं की काय! पण तसं काही नव्हतं. त्यांच्या गावातून एक छोटा दिवाळी अंक निघतो. त्यात लिहिणाऱ्या कवींचं जाहीर काव्यवाचन ठेवायचं ठरलंय, आणि मराठीच्या बाई म्हणून सगळी जबाबदारी हिच्या गळ्यात पडलीय.

"बाई, अठ्ठावीस कवी आहेत. सभागृह दोनच तास मिळालंय. कुणाला आधी बोलावू, कुणाला नंतर? सगळेच रुसतील."

मी तिला म्हटलं, "अध्यक्ष कोण, हार किती, ते नंतर बघ. आधी प्रत्येकाच्या नावापुढे एवढंच लिही, की हा माणूस कुठून येणार आहे आणि परत कसा जाणार आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारपणी बाईंचं काहीतरी बिनसलंय, असंच तिला वाटलं असणार! पण या सल्ल्यामागे एक जुनी गोष्ट आहे. माझ्या हातून घडलेली, आणि मला न शोभणारी. ती शेवटी सांगते. त्याआधी आपल्या खानदेशातली शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगायची आहे, कारण मासिकात लिहिणाऱ्या कवींना एकत्र बोलावून लोकांसमोर कविता म्हणायला लावणं, ही काही आजची टूम नाही.

तसं पाहिलं तर मराठी कविता मुळात ऐकायचीच होती. अभंग कीर्तनात ऐकायचा, ओवी पारायणात नाहीतर जात्यावर, पोवाडा डफावर, लावणी फडावर. कविता डोळ्यांनी वाचायची, तीही एकट्याने आणि ओठ न हलवता, ही सवय आपल्याला छापखान्याने लावली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी जे नवे कवी लिहू लागले त्यांच्यामागे टाळकरी नव्हते आणि पुढे श्रोतेही नव्हते. त्यांच्याकडे होतं ते पोस्टाचं तिकीट आणि कुठल्यातरी मासिकाच्या संपादकाचा पत्ता.

असा एक पत्ता जळगावचा होता. नारायण नरसिंह फडणीस, लोक त्यांना नानासाहेब म्हणत. त्यांनी १८८७ साली 'काव्यरत्नावली' नावाचं मासिक सुरू केलं. नुसत्या कवितांचं मासिक! कथा नाही, कादंबरी नाही, राजकारण नाही. आजही कुणी असं मासिक काढतो म्हटलं तर घरचे त्याला वेड्यात काढतील. पण ते १९३५ पर्यंत चाललं, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं. पुणं नाही, मुंबई नाही, खानदेशातलं जळगाव! केशवसुत, रेव्हरंड टिळक, विनायक अशा कवींच्या कविता त्यात आल्या. बी.ए.ला असताना आम्ही आधुनिक मराठी कवितेचा इतिहास शिकलो, तेव्हा पुस्तकात 'काव्यरत्नावली'ला दोन ओळी होत्या. परीक्षेत 'टिपा लिहा'मध्ये यायची शक्यता म्हणून आम्ही त्या पाठ केल्या. त्या दोन ओळींत एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलंय, हे त्या वयात कुठलं कळायला!

अशा मासिकातल्या कवींचं एकमेकांशी नातं मोठं गमतीचं असतं. अंकात शेजारी शेजारी छापले जातात, पण रस्त्यात भेटले तर ओळखणार नाहीत. केशवसुतांचंच बघा. नवं काही करायचं असलं की आजही आपण त्यांच्या तुतारीचं नाव घेतो, पण स्वभावाने ते अतिशय बुजरे. त्यांचं एक छायाचित्रसुद्धा आपल्याजवळ नाही. शिक्षकाच्या नोकरीच्या निमित्ताने ते खानदेशात आले, फैजपूरच्या शाळेत होते, आणि याच काळात नानासाहेब फडणीस आणि कवी विनायक यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे ते धारवाडला गेले आणि १९०५च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने वारले. वय चाळीसच्या आत. नव्या मराठी कवितेचं ज्यांनी दार उघडलं ते गेले, आणि दोनच वर्षांनी त्यांच्या संपादकाच्या गावात कवी एकत्र जमले. केशवसुत असते तर आले असते का? आले असते तरी मागच्या रांगेत बसले असते, असं आपलं मला वाटतं.

तर साल १९०७. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले होते आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण होऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिथे पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. लेखकांच्या सभा त्याआधीही भरत होत्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा पुण्यात १८७८ साली झाली होती. १८८५च्या सभेला जोतीराव फुल्यांना बोलावणं गेलं, तेव्हा त्यांनी ते परत केलं. आमच्या लोकांची दुःखं तुमच्या पुस्तकांत कुठे आहेत, मग आम्ही तुमच्यात येऊन काय करू, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. सभा कुणी भरवली, यापेक्षा ती कुणासाठी भरवली आणि तिथे कुणाला बोलू दिलं, हा प्रश्न असा पहिल्यापासूनच आपल्याबरोबर आहे.

जळगावची सभा खास कवींची होती. अध्यक्ष होते कर्नल डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. सरकारी सेवेतले डॉक्टर, हुद्दा फौजी, आणि शास्त्र वनस्पतींचं! औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि मेजर बसूंचा मोठा इंग्रजी ग्रंथ वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अजूनही उघडतात. शिवाय ते मराठीत कविताही करत. टेनिसनच्या एका दीर्घ काव्यावरून त्यांनी 'इंदिरा' हे काव्य लिहिलं. एकाच माणसात कर्नल, डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कवी! आजच्या अध्यक्षांशी तुलना करायचा मोह होतोय, पण नको.

रेव्हरंड नारायण वामन टिळकही त्या संमेलनात होते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले होते. त्या काळात धर्म बदललेल्या माणसाला घरचे आणि जातवाले कसं वागवत, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचावं. पण मासिकाच्या पानावर आणि कवींच्या सभेत टिळक होते ते कवी म्हणून. पंगतीला ज्यांची पानं वेगळी मांडली गेली असती, त्यांच्या कविता एका अंकात शेजारी छापल्या जात होत्या. मासिकाची ही ताकद मला फार मोठी वाटते.

आणि मग तो मुलगा. जळगावजवळच्या धरणगावचा, १८९० साली जन्मलेला, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. वय सोळा-सतरा. आमच्या हिशेबाने अकरावी-बारावीतलं पोर! जमलेले सगळे वयाने, मानाने मोठे. ध्वनिक्षेपक तर तेव्हा नव्हताच, त्यामुळे समोरच्या माणसांपर्यंत पोहोचायचं ते फक्त गळ्यावर. या मुलाने तिथे आपली कविता म्हटली. मंडळी चकित झाली आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ठोंबरे हे नाव आज परीक्षेपुरतं उरलंय. महाराष्ट्राने त्यांना आयुष्यभर आणि नंतरही हाक मारली ती त्या दिवशी मिळालेल्या नावाने.

मी वर्गात बालकवी शिकवायची तेव्हा एक गोष्ट मुद्दाम सांगायची. ज्या माणसाने आयुष्यभर पानं, फुलं, मुळ्या तपासल्या त्यानेच या पोराला ओळखलं, ज्याच्या कवितेत पुढे झाडंपानं आणि झरे माणसांसारखे वागणार होते. मुलांना ही गोष्ट आवडायची. एकदा एका चुणचुणीत मुलाने विचारलं, "बाई, पण त्याला स्टेजवर जाऊ कुणी दिलं?" मी गडबडले. पुस्तकात पदवी देणाऱ्याचं नाव असतं. यादी करणाऱ्याचं नसतं. पण मला खात्री आहे, की सभेत कुणीतरी असतोच जो म्हणतो, "थांबा, या पोराचंही ऐकू या."

संमेलनाने त्या मुलाला नुसतं नाव दिलं नाही, माणसंही दिली. पुढे टिळकांनी त्यांना आपल्या घरी अहमदनगरला नेलं. ठोंबरे काही काळ त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले. 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाईंनी त्यांचं जे वर्णन केलंय ते वाचताना हसू येतं आणि घशात आवंढाही येतो. १९१८च्या मे महिन्यात, जळगावजवळच्याच भादली स्टेशनापाशी, बालकवी आगगाडीखाली सापडून गेले. अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती झाली. कीर्तिकर आदल्याच वर्षी वारले होते. टिळक पुढच्या वर्षी, १९१९ला गेले. धरणगाव, जळगाव, भादली ही सगळी गावं एकाच टापूतली. जन्म, नाव आणि मरण, तिन्ही एवढ्याशा अंतरात.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पण त्याच जळगावात, त्याच साली आणखी एक बाई राहत होती. वय सत्तावीस. जळगावजवळच्या आसोद्याची लेक, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरात आलेली. शेत, जातं, चूल, गुरंढोरं यांत बुडालेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच १९०७ साली तिला मुलगा झाला, तोच पुढे कवी सोपानदेव. तुम्ही ओळखलं असेलच, ही बहिणाबाई.

फडणिसांना किंवा कीर्तिकरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाहीये. मासिकाच्या कवींचं संमेलन म्हटलं की निमंत्रण पोस्टाने जातं, आणि ज्यांनी पोस्टाने कविता पाठवल्या त्यांनाच जातं. जिचं नाव कुठल्याच कागदावर नाही तिला निमंत्रण जाणार कसं? आणि समजा कुणी बोलावलं असतं, तरी शेतकऱ्याच्या घरची सून त्या काळात पुरुषांच्या सभेत उभी राहून गाणं म्हणणार होती थोडीच! यादी कितीही चांगल्या मनाने करा, ती आधीच्या कुठल्यातरी यादीवरून होते. हे आपण लक्षात ठेवावं एवढंच.

बहिणाबाईंची गाणी टिकली कारण घरातल्या माणसांनी ऐकली आणि उतरवून घेतली. मुलाने, नात्यातल्या माणसांनी. त्या १९५१च्या डिसेंबरात गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं गेलं. जिला सही करता येत नव्हती तिचं नाव आता हजारो पदव्यांच्या कागदांवर छापलं जातं!

अत्र्यांचं नाव आलंच आहे तर थोडं विषयांतर करते. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी रविवारी चहाला जमायची, एकमेकांना कविता ऐकवायची. यशवंत आणि गिरीश यांनी गावोगाव काव्यगायन केलं आणि कविता पुन्हा लोकांच्या कानांवर पडू लागली. पण गाणाऱ्याचा गळा गोड असला की कवितेकडे दुर्लक्ष होतं, हेही खरंच. कवींच्या या सगळ्या थाटाची अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुलं'मध्ये मनसोक्त टर उडवली. कवींची खोड काढणारा हाच माणूस सत्तावीस वर्षांनी एका निरक्षर बाईच्या गाण्यांपुढे नम्र झाला. विडंबन करणाऱ्याचा कान किती तयार असतो ते यावरून कळतं.

मग स्वातंत्र्यानंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर. हे तिघे एकत्र गावोगाव जाऊन कविता वाचायचे. गायचे नाहीत, वाचायचे. कॉलेजात असताना मी त्यांना ऐकलं. पटांगण भरलेलं, मागे सायकली टेकवून उभी राहिलेली माणसं, आणि विंदा एक हात उंचावून वाचताहेत. कविता न समजणारे माझे वडीलही त्या दिवशी शेवटपर्यंत बसले होते. घरी येताना म्हणाले, "बरं बोलतात." त्यांच्याकडून ही फार मोठी पावती होती.

आता माझी गोष्ट.

१९८४-८५चा सुमार. मी तालुक्याच्या गावी शाळेत शिकवत होते. गावातली पाच-सहा मंडळी मिळून एक अनियतकालिक काढायची. नाव सांगत नाही, कारण त्यातले काही अजून आहेत आणि चूक त्यांची नव्हतीच. तीनशे प्रती, ट्रेडलवर छापलेल्या. अंक निघाला की आम्ही बायका पत्ते लिहायला आणि तिकिटं चिकटवायला बसायचो. अंकाला पाच वर्षं झाली म्हणून आम्ही सगळ्या कवींना बोलावलं. शाळेचा हॉल, सतरंज्या, मांडववाल्याकडचा लाउडस्पीकर, चहाला दुधाची तीन कॅन. सूत्रसंचालन माझ्याकडे.

यादी मी केली. आता ती आठवली तरी लाज वाटते. पहिले पाहुणे. मग दोन प्राध्यापक. मग आमचे मुख्याध्यापक, त्यांनी हॉल दिला होता ना! मग ज्यांनी जाहिराती मिळवून दिल्या त्यांचे मेहुणे. मग गावातले ओळखीचे. आणि मग खेड्यापाड्यांतून पोस्टाने कविता पाठवणारे. तेविसाव्या क्रमांकावर एक नाव होतं. पाटबंधारे खात्यात पाटकरी होता, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघणारा. आंतर्देशीय पत्रावर बारीक अक्षरात कविता लिहून पाठवायचा. त्याच्या दोन कविता आम्ही छापल्या होत्या. त्यातली एक, रात्री कालव्याच्या दारावर एकट्याने जागणाऱ्या माणसाची, अजून माझ्या लक्षात आहे.

तो दुपारच्या एस.टी.ने आला. एकटा नाही, बरोबर म्हातारी आई आणि बायको. दोघींनी ठेवणीतली लुगडी नेसलेली. मुलगा लाउडस्पीकरवर बोलणार म्हणून आई आली होती.

पाचचा कार्यक्रम सव्वासहाला सुरू झाला, कारण पाहुणे उशिरा आले. प्रत्येकाने एकच कविता वाचायची असं ठरलं होतं. पाहुण्यांनी चार वाचल्या. मग बाकीचे तरी मागे कसे राहतील? सातच्या सुमाराला तो मंचाच्या कडेला आला. "बाई, माझा नंबर कितवा?" मी म्हटलं, "येईल, बसा." पावणेआठला पुन्हा आला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "बाई, आमची शेवटची गाडी सव्वाआठची आहे." मी म्हटलं, "एवढे दोघं झाले की तुमचंच." मला वाटत होतं ते खरंच. पण त्या दोघांतल्या एकाने प्रस्तावनेलाच दहा मिनिटं घेतली, आणि त्यांना थांबवायचं धाडस मला झालं नाही. माणूस प्रतिष्ठित होता.

आठ वाजून वीस मिनिटांनी मी त्याचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ते गेले." आणि मी माइकवर म्हणाले, "उपस्थित नाहीत," आणि पुढचं नाव घेतलं.

उपस्थित नाहीत! हजेरीपटावर गैरहजेरी मांडावी तसं. चार तास सतरंजीवर बसून होती ती तीन माणसं.

नंतर मी त्याला कार्ड टाकलं, माफी मागितली. त्याचं उत्तर आलं, अगदी सभ्य. पाण्याची पाळी चालू आहे, सवड नाही, आपण वाईट वाटून घेऊ नये. पण कविता पुन्हा आली नाही. पुढच्या अंकासाठी मी दोनदा लिहिलं, तरी नाही. तो मोठा कवी झाला असता असं मी म्हणत नाही. तसं म्हणून आपली चूक आणखी रंगवायची, हाही एक प्रकारचा मोठेपणाच. पण आपला मुलगा काय लिहितो ते त्या म्हातारीला कळायचं होतं. तिला वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी छापलेला अंक म्हणजे नुसता कागद, कविता तिला त्या एका संध्याकाळीच मिळणार होती. ती मी मिळू दिली नाही. आणि हे मला सुचायला, खरं सांगते, कितीतरी वर्षं गेली.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी बरीच काव्यवाचनं केली. प्रत्येक वेळी यादीत नावापुढे गाव आणि परतीची गाडी लिहिली. लांबून आलेल्याला आधी. यात अडचणी येतातच. एक म्हणजे सुरुवातीला हॉल रिकामा असतो, मग लांबून आलेल्याने काय सतरंज्यांना कविता ऐकवायची? त्यावर उपाय म्हणजे आपल्या गावच्यांना अर्धा तास आधीची वेळ कळवायची आणि चहा आधी द्यायचा, मध्यंतरात नाही. चहाला माणसं येतात! दुसरी अडचण मोठ्या नावांची. एक गृहस्थ म्हणाले, "मी इतका वेळ बसणार नाही, मला आधी घ्या." मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला ऐकायला लोक थांबतात, म्हणून तर तुम्हाला शेवटी ठेवलंय." खूश झाले आणि थांबले. शिक्षकाला एवढी चतुराई असावी लागते. आणि तिसरी गोष्ट, एक म्हणजे एकच कविता. अध्यक्षांनाही. घड्याळ टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं.

हे सगळं मी त्या विद्यार्थिनीला सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं, पूर्वी वर्गात घ्यायची तसंच. मग थोडं थांबून तिने विचारलं, "पण बाई, जे अंकात लिहितच नाहीत, त्यांचं काय?" मी म्हटलं, शेवटी दहा मिनिटं मोकळी ठेव. समोर बसलेल्यांपैकी कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे. जळगावच्या त्या पोराला अशीच कुणीतरी जागा दिली असेल. दहा मिनिटांत कुणी उठलंच नाही तर नाही. बहिणाबाईसारखी बाई तशीही उठली नसती. तिच्यासाठी घरातच कुणीतरी वही घेऊन बसावं लागतं. ते कविसंमेलनाचं काम नव्हे, आपलं सगळ्यांचंच आहे.

परवा तिचा फोन आला. यादी झाली. सगळ्यांत लांबचा कवी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून येणार आहे, त्याला पहिला ठेवलाय. अध्यक्ष शेवटी वाचायला तयार झालेत, जरा कुरकुरत. एका प्राध्यापकांनी नाव मागे घेतलं. "घेऊ दे," मी म्हटलं.

मला तिने अगत्याने बोलावलंय. गुडघे कुरकुर करतात, पण जाणार आहे. कविता मी कधी केली नाही, त्यामुळे यादीत माझं नाव नाही. पुढच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसेन आणि पहिल्या कवीपासून ऐकेन. तेवढं तर करायलाच हवं.